पाटावरचे तीन खडे

एक दिवस उशिरा निघते, अशी खुशबूनं सरांना थाप मारली होती, आणि थापा मारायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. घरात पाऊल टाकल्यापासून फोन वाजला की ती दचकत होती. "वाटेत कुठं उतरू नकोस, थेट मशीनपाशी जा," असं सरांनी एकदा नाही, तीनदा बजावलं होतं. पण गाडी तुमसर रोडवरूनच जाते, तिथून तिचं गाव सिहोरा मोटारसायकलनं पाऊण तास, दुसऱ्या दिवशी दसरा, आणि गेल्या तीन वर्षांत पोरीनं एक सण घरी केलेला नाही. उतरली! एक मुक्काम न् अर्धा दिवस, एवढ्यानं काय आभाळ कोसळतं, असं तिनं स्वतःला समजावलं. बाप यादोराव स्टेशनवर घ्यायला आले होते.

तिच्या पाठपिशवीत एक प्लास्टिकची डबी होती. डबीत कापूस, कापसात काचेच्या तीन इवल्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत एकेक काळा चकचकीत खडा, मसुराच्या डाळीएवढा. खडा कसला, स्फटिक. युरोपियमच्या एका संयुगाचे हे स्फटिक तिनं भट्टीत स्वतः वाढवले होते. वितळलेल्या कथलात, तीन आठवडे, तासाला दोन अंशानं भट्टी थंड करत. सात वेळा भट्टी लावली तेव्हा कुठं हे तीन दाणे कामाचे निघाले. आता शनिवारपासून तीन दिवस सिंक्रोट्रॉनवर तिची पाळी होती. त्या मशीनच्या प्रखर उजेडात खड्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन बाहेर उडवायचे आणि ते आत कसे वागत होते ते वाचायचं, हेच तिच्या पीएचडीचं काम. ही पाळी दोन वर्षं रांगेत राहून मिळाली होती. हुकली की पुन्हा रांग, आणि तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. सगळी मदार या तीन दाण्यांवर.

संध्याकाळी तिनं ते मोठ्या तोऱ्यात आईबापाला दाखवले. नसते दाखवले तर ही गोष्टच घडली नसती.

"हे काय वं?" यादोरावांनी बाटली उजेडात धरली. "कोळसा आणला काय?"

"कोळसा नाही बाबा. दुर्मिळ मृदा म्हणतात ना, त्याच्यातलं मूलद्रव्य आहे याच्यात."

"मृदा म्हंजे मातीच ना? आता मातीबी दुर्मिळ झाली काय! चाल सकाळी, आपल्या बांधीतली लागते तेवढी ने."

"तुमी मस्करीच करत राहा. आमचं काम फक्त याच्या वरच्या थराचं. आठ-दहा अणू खोल, बस. हवा लागली, ओल लागली का याचा चेहरा खराब."

सत्यभामाबाई, तिची आई, डोळे बारीक करून बघत होत्या. शिवणकाम करून करून त्यांची नजर अधू झाली होती, पण लेकीचं सगळं त्यांना जवळून पाहायचं असे. "म्हंजे हेच तुझं औजार," त्या म्हणाल्या.

"हाव आई. हाच माझा नांगर अन् हाच माझा विळा. याच्यावरच माझं सारं आहे." आणि मग शहाणपणानं जोडलं, "हात धुतल्याबिगर कोणी शिवाचं नाही."

एवढंच म्हणाली हो ती. उघडायचं नाही, असं म्हणायचं तिला सुचलंच नाही, कारण प्रयोगशाळेत ते कुणाला सांगावं लागत नाही. डबी कुठं ठेवावी यावर थोडी चर्चा झाली. कोठीत उंदीर, खिडकीत मुंग्या. शेवटी आईच म्हणाल्या, "देवघरात ठेव. तिथं कोणी हातच नाही लावत." खुशबूनं आपल्या हातानं डबी देवाच्या मागं ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी ती बापाबरोबर शेतावर गेली. दाराला बांधायला नव्या धानाच्या लोंब्या आणायच्या होत्या. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, उशिराच्या भारी धानाला अजून लोंब्या फुटत होत्या. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, बांधावर झेंडू फुलला होता, तोही तोडला. यादोरावांनी एका लोंबीतला दाणा दाताखाली धरून कट्कन फोडला, हा त्यांचा ओल मोजायचा यंत्राहून जुना उपाय. "अजून चार दिवस," ते म्हणाले. त्या दोन तासांत खुशबूनं फोनकडं एकदाही पाहिलं नाही. दुपारी निघायचं, संध्याकाळची गाडी पकडायची, परवा सकाळी मशीन. सरांना कळणारसुद्धा नव्हतं.

घरी आली तर अंगणापर्यंत उदबत्तीचा वास. दसऱ्याला ज्याचं त्याचं औजार पाटावर येतं, हा त्या घरचा रिवाज होता, आणि तो तिला पाठ होता. लहानपणी तिची पाटी आणि अंकलिपी तिथंच असायची. ती हसतच आत गेली. पाटावर लख्ख घासलेला विळा, फावडं, मोटारसायकलची चावी, आईची शिवणाची कात्री. आणि सगळ्यांच्या मधोमध पितळी ताटलीत, तांदळाच्या दाण्यांवर, तिचे तीन खडे. उघडे. प्रत्येकावर बोटानं टेकवलेली हळद, हळदीवर कुंकू, वर झेंडूची पाकळी. पाकळीवर पाण्याचा थेंब चमकत होता.

तिच्या हातातल्या लोंब्या खाली पडल्या.

"आई! हे काहून उघडलं तू?"

"पूजा कराले," सत्यभामाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चेहरा सणाचा होता. "तूच सांगतलं ना काल, हेच तुझं औजार म्हणून."

"पण बाटली काहून उघडली?"

"आता बाटलीची पूजा करू काय? विळा पोत्यात ठेवून पुजतात काय बाई?"

खुशबूनं विचारलं, "किती वेळ झाला?"

"तुमी दोघं गेले अन् मी आंघोळ केली. सगळ्यात पयले तुझंच मांडलं. बाकीचं मंग."

म्हणजे पुरे दोन तास! बाटलीत आर्गन वायू भरून, झाकणावर पट्टी ताणून, श्वाससुद्धा दूर ठेवून जपलेले खडे दोन तास ओल्या फुलाखाली. खुशबूनं पिशवी उलटी केली, चिमटा काढला. पहिला खडा उचलला तर त्याचा एक अख्खा चेहरा राखाडी पडला होता, जिभेवर पांढरा थर चढावा तसा. हा मेला. दुसऱ्या दोघांच्या कडा पिवळ्या झाल्या होत्या. स्पिरिटच्या कपड्यानं ती पुसत गेली. हळद मधून गेली, पण कडेला थरांच्या फटीत जाऊन बसली ती निघेना. हळदच ती, पोरीच्या अंगाला लावली तर आठ दिवस जात नाही.

आणि मग ती बोलली. बोलू नये ते बोलली.

"ज्याले त्याले हळद फासत बसते! चुलीतले हात, गोवऱ्या थापाचे हात, अन् थेच माझ्या खड्याले लावले! दोन वर्षं वाट पाहिली मी या तीन दिवसांची. सारं मातीत घातलं तू, आई. सारं."

सत्यभामाबाईंनी हात पदराखाली घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सण आहे आज," यादोराव दारातून म्हणाले. "माय आहे थे तुझी."

नेमका तेव्हाच फोन वाजला. सर. "कुठवर पोचलीस?" खुशबूनं डोळे मिटले. "नागपूर येईल आता, सर." मागं मारुतीच्या देवळातला भोंगा जोरात सुरू होता. "आवाज कसला गं?" "वाटेतल्या स्टेशनवरचा, सर." "सॅम्पल ठीक?" "हो सर." तीन वाक्यांत तीन थापा झाल्या.

तिनं भुपेंद्रला फोन लावला. भुपेंद्र तिच्याच प्रयोगशाळेतला, बाकीचं सामान घेऊन थेट मशीनपाशी पोचलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, खडा तसाही आपण निर्वात पेटीत फोडतोच ना? वरचा थर उडतो, आतला कोरा चेहरा समोर येतो. प्रश्न एवढाच की ओल किती आत गेली."

"अन् थे फोडल्याशिवाय कळणार नाही."

"नाही कळणार. आणि पिवळ्या डागाबद्दल कुणी विचारलं तर म्हण, वाढवतानाचा डाग आहे. हळदीचं नाव काढू नकोस, कृष्णराव आत टाकूच देणार नाहीत."

कृष्णराव म्हणजे त्या मशीनचे प्रमुख. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी देशभरच्या प्रयोगशाळांत सांगितल्या जात. खुशबूनं दोन्ही खडे कोरड्या बाटल्यांत घातले, नव्या बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यात कोंबल्या आणि दुपारी जेवणाला हात न लावता निघाली. निघताना सत्यभामाबाई करंडा घेऊन दारापर्यंत आल्या. लेक गावाला निघाली की कपाळाला कुंकू लावायचं, हे कधी चुकलं नव्हतं. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, लेकीकडं पाहिलं, आणि बोट पदराला पुसून करंडा बंद केला. खुशबूला ते दिसलं. एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण तिच्या डोक्यात फक्त पिवळ्या कडा होत्या.

मोटारसायकल मोठ्या रस्त्याला लागल्यावर यादोराव वाऱ्यावर ओरडून म्हणाले, "कापलेली लोंबी पावसात भिजली तर आपण रडत नाही बसत. पयले उचलून सुकवाचं. तुसाले ओल लागते, तांदूळ आत बरा राहते. दोन दिवस तशीच पडली तर कोंब फुटते, मंग काम तमाम. तुझ्या खड्याले दोन तास झाले ना?"

"दोनच तास, बाबा. पण थो काही धान नाही."

"मले काय माहीत! फोडून पाय, मंग रड." स्टेशनवर तिची पिशवी उतरवून देताना त्यांनी एवढंच सांगितलं, "पोचली का आईले फोन कर."

तिनं केला नाही. काय सांगायचं होतं? गाडीत रात्रभर ती दर तासाला बाटली दिव्याच्या उजेडात धरून बघत राहिली आणि दर वेळी तिला डाग वाढल्यासारखा वाटला.

शनिवारी सकाळी कृष्णराव सूक्ष्मदर्शकावर वाकले. साठीचा माणूस, पांढरे आखूड केस, बोलणं मोजून. खुशबू आणि भुपेंद्र मागं उभे. पहिला खडा पाहायला त्यांना मिनिटभर लागलं. दुसऱ्याला त्याहून जास्त.

"कडेला पिवळं काय आहे?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

भुपेंद्रनं खुशबूच्या पायाला पाय लावला. उत्तर जिभेवर तयार होतं, वाढवतानाचा डाग. दोन शब्द पुरेसे होते. खडा आत गेला असता, पाळी वाचली असती, सरांना काही कळलं नसतं. पण समोर ती पोलादी पेटी होती, जिच्यातून हवेचा कण न् कण उपसून काढायला महिने लागतात. हळदीतलं तेल आत सुटलं तर तिच्यानंतर येणाऱ्या पोरापोरींची पाळी बुडणार होती. तीही कुणी दोन-दोन वर्षं रांगेत उभी असतील.

"हळद आहे, सर."

भुपेंद्रनं कपाळाला हात लावला. कृष्णरावांनी आता मान वळवली.

"हळद?"

"हळद, कुंकू. अक्षता. फुलानं पाणी शिंपडलेलं. दसऱ्याला आईनं माझ्या औजाराची पूजा केली. मी वाटेत घरी उतरले होते, सरांना न सांगता. दोन तास उघडे होते." सगळं एका दमात सांगून झालं तेव्हा तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"कुंकू कसलं? बाजारचं?"

"बाजारचं."

"तेल?"

"तेल नाही. दिवा बाजूला होता."

कृष्णराव उठले आणि खोलीत एक फेरी मारून आले. ओरडले नाहीत. "ज्याच्या फटीत हळद खोल गेली आहे तो आत जाणार नाही," ते म्हणाले. "त्यावर वाद नको. दुसऱ्याची पिवळी कड कापून टाका, पुन्हा धुवा. मग बाहेरच्या छोट्या पेटीत ठेवू आणि दाब बघू. दाब उतरला तर पुढं. अडकला तर तुमची पाळी संपली. आणि तुझ्या सरांना हे तू सांगणार की मी?"

"मी सांगते."

कड कापताना खड्याचा तिसरा हिस्सा गेला. उरलेला चपट्या तबकडीवर चिकटवला, वर डिंकानं काडीएवढा एक खांब उभा केला, आणि छोट्या पेटीचं दार बंद झालं. मग नुसती वाट बघणं. दाबाचा आकडा उतरे, थांबे, पुन्हा उतरे. एकदा तासभर तो जागचा हलला नाही आणि खुशबूनं मनातल्या मनात फेलोशिपचा राजीनामा लिहून टाकला. सरांना फोन केला. सर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

बसून बसून तिची नजर मोठ्या पेटीवर फिरत होती. पोलादी नळ्या, बोल्ट, काचेची गोल खिडकी. खिडकीच्या खाली, बाहेरच्या अंगाला, एक लाल-पिवळा ठिपका होता. तिनं जवळ जाऊन पाहिलं. हळद होती ती. वर कुंकू. बाजूला चिकटपट्टीनं लावलेलं सुकलेलं झेंडूचं फूल.

"हे कुणी लावलं?" तिनं विचारलं.

"आम्हीच," कृष्णराव आकड्यावरची नजर न काढता म्हणाले. "दसऱ्याला. दर वर्षी लावतो. पण बाहेरून लावतो बाई, आतून नाही."

चारच्या सुमाराला आकडा हवा तिथं उतरला. कृष्णरावांनी खडा आत सरकवला आणि खुशबूला म्हणाले, "तुझा आहे. तूच फोड." लांब दांडा तिच्या हातात होता. खिडकीतून तो काडीएवढा खांब दिसत होता. आत जर राखाडी निघालं तर तिच्याकडं दुसरा दाणा नव्हता. तिनं दांडा ढकलला. खांब हलला, पडला नाही. पुन्हा ढकलला, जरा जोरात, आणि वरचा थर घेऊन खांब टुपकन उडाला.

खाली आरसा होता. काळा, ओला वाटावा इतका लख्ख.

कुणी हुर्रे वगैरे केलं नाही. आरसा दिसला म्हणजे इलेक्ट्रॉन दिसले असं होत नाही. उजेड सोडला. पडद्यावर आधी नुसता धुरळा आला. मिनिट गेलं, दोन गेली. भुपेंद्र नखं खात होता. मग धुरळ्यात एक फिकी रेघ वळली, तिच्या आत दुसरी, आणि दोन्ही हळूहळू गडद होत एकमेकींकडं वाकल्या. खुशबूनं हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला. दोन वर्षं जी रेघ तिनं फक्त गणितात पाहिली होती ती तिथं होती.

"ओल आत गेली नव्हती," कृष्णराव म्हणाले. "मोजत राहा. हा चेहरा फार तर दहा तास टिकेल."

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि घरी फोन लावला. एकाच घंटीत उचलला गेला. पलीकडं सत्यभामाबाई होत्या.

"आई, मी आहे. आई, चालला. एक खडा चालला. दिसलं मले जे पाहाचं होतं थे."

"चालला?" आईचा आवाज बारीक झाला होता. "खरंच ना वं?"

"खरंच. आई, मी त्या दिवशी..."

"थे जाऊ दे," सत्यभामाबाई घाईघाईनं म्हणाल्या. दोन दिवस त्यांच्या मनात जे अडकून बसलं होतं ते त्यांना आधी सांगायचं होतं. "मी हात धुतले होते बाई. तू सांगतलं होतं ना, म्हणून साबणानं दोनदा धुतले होते. तुले सांगाचं राहून गेलं."